मानेखालचा घट्टा

पहिल्या वर्षी डिसेक्शन हॉलमध्ये सुरुवात छातीपासून होते. मग काख. त्या दोन-तीन आठवड्यांत फॉर्मालिनने डोळ्यांतून येणारं पाणी थांबतं, जेवताना हात हुंगायची सवय जाते आणि टेबलवर माणूस आहे हे आपण विसरायला लागतो. मीही विसरले होते. मग पाठ शिकायची वेळ आली, चौघांनी मिळून प्रेत पालथं केलं, आणि मानेच्या मुळाशी, सदऱ्याची कॉलर मागून टेकते त्या जागी, मला घट्टा दिसला. तळहाताएवढा, जाड, आजूबाजूच्या कातडीपेक्षा काळा.

असा घट्टा आमच्या घरात होता. आबांच्या मानेखाली.

आबा म्हणजे माझे आजोबा. नांदेडच्या मोंढ्यात त्यांनी आयुष्यभर हमाली केली. तूर, ज्वारी, हळद, पुढे सोयाबीन. लहानपणी मी त्यांच्या पाठीवर बसून त्या घट्ट्यावर बोट घासायचे. "दुखत नाही का?" विचारलं की म्हणायचे, "तिथं काय दुखतंय? ती माझी गादी हाय." टेबलवरचा माणूस हमाल होता की नव्हता, मला सांगता येणार नाही. असे घट्टे इतर कामांनीही पडतात. पण त्या दिवशी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे पहिलं काम कातडी सोलायचं होतं. मधल्या रेषेवर एक छेद, खांद्याकडे दुसरा, आणि कातडीचा पदर बाजूला. दहा-पंधरा मिनिटांत घट्टा गेला. उरला तो नीटनेटका, पुस्तकातल्यासारखा स्नायू. कामाची खूण कातडीवर असते आणि आमचा अभ्यास कातडी काढल्यावर सुरू होतो, हे तेव्हापासून डोक्यात राहिलं. या लेखातलं बहुतेक वाचन त्या दिवसामुळे झालंय.

जागा सांगते. नांदेडच्या वेशीवर गोदावरीच्या काठी विष्णुपुरी आहे. नदीवरचा मोठा प्रकल्प, अभियांत्रिकी महाविद्यालय, स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आणि आमचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सगळं एकाच पट्ट्यात. मोंढा इथून फार लांब नाही. आमच्या घराला मात्र ते अंतर कापायला दोन पिढ्या लागल्या.

कातडीखाली पहिला भेटतो तो ट्रॅपिझिअस. जिममध्ये जाणारे त्याला 'ट्रॅप्स' म्हणतात. डोक्याच्या मागच्या हाडापासून निघतो, मानेवरून उतरतो, पाठीच्या बाराव्या मणक्यापर्यंत खाली जातो आणि दोन्हीकडे खांद्याला जाऊन चिकटतो. खांदे उडवून 'मला काय माहीत' म्हणणारा इमोजी आहे ना, ते काम याच्या वरच्या भागाचं. नाव ग्रीक, अर्थ 'छोटं टेबल'. चार बाजूंचा आकार दिसला म्हणून. पण त्याआधी युरोपात त्याला दुसरं नाव होतं: कुकुलारिस. कुकुलस म्हणजे ख्रिस्ती साधूंच्या झग्याला मागे जोडलेली टोपी. डावा आणि उजवा स्नायू एकत्र पाहिले की मानेवरून पाठीवर टोकदार होत गेलेली ती टोपीच दिसते.

मला ती वाचताना साधू आठवला नाही. पोत्याची खोळ आठवली. पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसला की टोकदार टोपी होते, ती डोक्यावर घेतली की बाकीचं पोतं पाठीवर रुळतं. पावसात शेतकरी घेतो, मोंढ्यात हमाल घेतो, म्हणजे पाठीला तुसं टोचत नाहीत. आबांची खोळ जेवढी पाठ झाकायची, जवळजवळ तेवढीच पाठ हा स्नायू झाकतो. कोलकात्याच्या गणनाथ सेनांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'प्रत्यक्षशारीरम्' या संस्कृत ग्रंथात स्नायूंना नवी नावं दिली, तेव्हा त्यांनाही झाकणंच सुचलं. ट्रॅपिझिअसला त्यांनी म्हटलं 'पृष्ठच्छदा', पाठीचं पांघरूण. मराठी माणसाने नाव दिलं असतं तर 'खोळ' ठेवलं असतं, असं मला उगाच वाटतं.

त्याच्या खालचा मोठा स्नायू म्हणजे लॅटिसिमस डॉर्साय. जिममधले 'विंग्ज'. कंबरेपासून, खालच्या मणक्यांपासून आणि बरगड्यांपासून पंख्यासारखा निघतो आणि गोळा होत होत दंडाच्या हाडावर जाऊन बसतो. हात खाली आणि मागे ओढणं, आतल्या बाजूला वळवणं ही याची कामं. लोंबकळून शरीर वर खेचा, याचंच काम. आता हात मागे नेऊन आत वळवला की तो कुठे पोचतो, करून बघा. जुन्या शरीरशास्त्रज्ञांनीही करून बघितलं असावं, कारण त्यांनी याला लॅटिनमध्ये 'एनाय स्काल्प्टर' म्हटलं होतं. म्हणजे बूड खाजवणारा. पुढच्या शहाण्यांनी ते बदलून 'पाठीवरचा सर्वांत रुंद' असं सभ्य नाव ठेवलं, आणि एक चांगला विनोद गेला.

नावांचा हा गोंधळ इतका वाढला की एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शरीरातल्या पाचेक हजार गोष्टींना सुमारे पन्नास हजार नावं झाली होती. १८९५ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथे बसून ती यादी छाटली गेली. आज आम्ही पाठ करतो ती नावं बरीचशी त्या छाटणीतून वाचलेली.

आपल्याकडचा गोंधळ निराळा. 'स्नायू' हा शब्द घ्या. मराठीत स्नायू म्हणजे मसल. हिंदीत 'स्नायु' नर्व्हसाठीही वापरतात. आणि सुश्रुतसंहितेत स्नायू म्हणजे हाडं-सांधे बांधून ठेवणारे चिवट पट्टे, मसलला तिथे 'पेशी' म्हटलंय. मराठीत मात्र पेशी म्हणजे सेल. आता हे तीन अर्थ डोक्यात घेऊन ओपीडीत बसा. त्यात पेशंट म्हणतो "शीर दबली", तेव्हा त्याला शीर नव्हे, नर्व्ह म्हणायचं असतं. "उसण भरली" म्हणतो तेव्हा पाठीचा स्नायू अचानक आखडलेला असतो. उसण भरली की पायाळू माणसाकडून, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी आले त्याच्याकडून, पाठीवर लाथ मारून घ्यायची ही रीत आमच्या आजीला पक्की ठाऊक होती. गल्लीत एक पायाळू मुलगा होता. त्याचा भाव फार होता.

नांदेडच्या बाबतीत तर आणखी एक भाषा मध्ये येते. आपण १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. हैदराबादला १८४६ साली मेडिकल स्कूल निघालं, तिथे शिक्षण उर्दूतून होतं. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचं झालं आणि वैद्यकाची पुस्तकंही त्यासाठी उर्दूत आणली गेली. म्हणजे त्या काळात मराठवाड्यातला एखादा मुलगा तिथे डॉक्टर व्हायला गेला तर तो मसलला 'अझला' म्हणून शिकायचा, घरी येऊन पेशंटशी मराठीत बोलायचा. मुंबईत १८४५ ला सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तेच धडे इंग्रजीतून. एकाच पाठीची तीन भाषांत तीन नावं, आणि ज्याची पाठ आहे तो म्हणतो 'पाठ धरली'.

आता मूळ प्रश्नाकडे. पाठ एवढी मोठी, डोळ्यांसमोर असलेली गोष्ट. ती समजायला इतका उशीर का लागला?

एक कारण सडणं. इटलीतल्या बोलोन्यामध्ये मोंदिनो दे लुत्झी याने १३१६ च्या सुमारास विच्छेदनाचं पुस्तक लिहिलं. त्याचा क्रम साधा होता: पोट सर्वांत आधी नासतं म्हणून आधी पोट, मग छाती, मग डोकं, आणि उरलं तर हात-पाय आणि पाठ. हे सगळं चारेक दिवसांत उरकायचं, शक्यतो थंडीत. पाठीची पाळी येईपर्यंत बघणारे नाकाला रुमाल लावून दाराकडे सरकलेले असणार. त्याच्या हजारेक वर्षं आधीचा गेलेन, ज्याचा शब्द युरोपात प्रमाण मानला गेला, तो पर्गममला ग्लॅडिएटरांचा वैद्य होता. फाटलेले खांदे त्याने भरपूर पाहिले असतील. पण त्याचं चिरणं मुख्यतः माकडं आणि डुकरं यांच्यावर चाललं. माकड खांद्याने झाडाला लटकतं, माणूस खांद्यावर ओझं घेतो. दोघांची पाठ सारखी कशी निघेल?

आपल्याकडे सुश्रुताने सडण्यावरच तोडगा काढला होता, आणि तो नदीतला होता. शारीरस्थानात पद्धत दिलेली आहे. प्रेत धडधाकट माणसाचं हवं, विषाने किंवा दीर्घ आजाराने मेलेल्याचं नको. आतडी रिकामी करायची, मुंज गवतात वगैरे गुंडाळायचं, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात आडबाजूला ठेवायचं. सात रात्रींनी काढायचं, आणि वाळा, केस, बांबू यांच्या कुंचल्याने हळूहळू घासत थराथराने बघत जायचं. सुऱ्याशिवाय. या पद्धतीत वरवरचे थर नीट दिसत असणार, आणि पाठीचे मोठे स्नायू वरवरच आहेत. सुश्रुताने एकूण ५०० पेशी मोजल्या: ४०० हातापायांत, ६६ धडात, ३४ मानेपासून वर. आजची मोजणी सहाशेच्या वर जाते. पाठीवरच्या मर्मांत त्याने 'अंस' आणि 'अंसफलक' अशा दोन जोड्या सांगितल्यात. पहिलीला इजा झाली की हात ताठरतो, दुसरीला झाली की हात बधिर होतो आणि वाळतो. आज हे वाचताना नर्व्ह तुटून सुकलेला खांदा डोळ्यांपुढे येतो. विष्णुपुरीच्या बांधावर उभं राहून गोदावरीकडे बघताना मला कधीकधी तो गवताचा पिंजरा दिसतो. अर्थात हल्ली सात रात्री वाहतं पाणी मिळायलाही दरवाजे उघडावे लागतील.

युरोपात पाठीला न्याय दिला तो व्हेसालिअसने. पादुआत शिकवत असताना, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, १५४३ मध्ये त्याचं पुस्तक निघालं. त्यात कातडी सोललेली माणसं टेकड्यांच्या देखाव्यात उभी आहेत, आणि त्यांतली काही पाठमोरी. एका चित्रात ट्रॅपिझिअस जागेवर, पुढच्यात तो सोडवलेला, त्याच्या पुढच्यात खवाट्याला धरणारे आतले स्नायू. पान उलटत जाल तसा माणूस झिजत जातो. शेवटी शेवटी तर तो टेकून, सांडल्यासारखा उभा असतो. फोनवर सहज मिळतील ही चित्रं, बघाच. ही पाठ कोणाची होती? पादुआच्या एका न्यायाधीशाने फाशी दिलेल्या गुन्हेगारांची प्रेतं त्याला मिळवून दिली होती. त्या चित्रकारांची नावं कोणती यावर विद्वान अजून भांडतात. टेबलवरच्यांची नावं कोणी विचारत नाही.

इंग्लंडमध्ये १७५२ च्या कायद्याने खुन्यांची प्रेतं चिरायला मिळू लागली. कॉलेजं वाढली, खुनी पुरेनात. कबरी उकरून प्रेतं विकली जाऊ लागली. १८२८ मध्ये एडिंबरात बर्क आणि हेअर या जोडीने सोळा माणसं मारून शरीरशास्त्राच्या शिक्षकाला विकल्याचं उघड झालं, तेव्हा हाहाकार उडाला आणि १८३२ ला अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्ट आला. त्याने उपाय काय केला? अनाथालयात-दवाखान्यात मेलेल्या आणि कोणी न्यायला न आलेल्या गरिबांची प्रेतं द्यायची. ऐंशी वर्षं जी खुन्याची शिक्षा होती ती आता कंगाल असण्याची झाली. १८३६ ला कोलकात्यात मधुसूदन गुप्तांनी जात आणि सोवळं बाजूला ठेवून प्रेताला सुरी लावली. त्यांचं नाव प्रत्येक पुस्तकात आहे, आणि असायलाच हवं. पण हाच साचा आपल्याकडेही आला. मुंबई राज्याने १९४९ साली अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्ट केला: ठरावीक मुदतीत नातेवाइकांनी मागितलं नाही तर बेवारस प्रेत शिक्षणासाठी देता येतं. तेव्हा आपण त्या राज्यात नव्हतो, मराठवाडा तिकडे गेला १९५६ ला.

बेवारस कोण होतं? स्टेशनवर मेलेला, कामासाठी गाव सोडून आलेला, वर्षानुवर्षं घरी निरोप नसलेला. नांदेडसारख्या ठिकाणी अशी माणसं मोंढ्याजवळ, रेल्वेजवळ, कामाजवळच राहतात. मराठीत प्रेताला 'खांदा' देतात. आम्ही खांदा ज्यांच्यावर शिकलो त्यांच्यातल्या पुष्कळांना तो मिळालेला नव्हता.

आणि खांद्याविषयी त्यांना काही कळत नव्हतं असंही नाही. खवाट्याचं हाड बरगड्यांना कुठेच हाडाने जोडलेलं नाही. ते सतराएक स्नायूंत तरंगतं, आणि त्याचा धडाशी हाडाचा दुवा म्हणजे फक्त गळ्याजवळचं बारीक हाड. हातात जड पिशवी धरली की सगळा भार दंडातून खवाट्यात आणि तिथून स्नायूंनी मानेपर्यंत ओढला जातो. म्हणून कॉलेजची बॅग एका खांद्यावर घेतली की मान दुखते. खांद्यावरच्या जड पट्ट्याने बरगडीवरून जाणारी लांब नर्व्ह दुखावली तर खवाटा पंखासारखा बाहेर येतो, पाठीवर जड बॅगा घेणाऱ्या सैनिकांत हे दिसलेलं आहे.

आबा पोतं कधी खांद्यावर घ्यायचे नाहीत. दोघं जण उचलून द्यायचे, आबा कंबरेत वाकायचे, आणि पोतं मानेच्या मुळाशी आणि वरच्या पाठीवर आडवं बसायचं. भार सरळ मणक्यावर आणि बरगड्यांवर, खवाटे मोकळे, हात फक्त तोल सांभाळायला. वाकल्यामुळे वजन कंबरेच्या आणि पायांच्या वर येतं. थप्पीची फळी चढताना पाय आधी, पाठ नंतर. हे त्यांना त्यांच्या उस्तादाने शिकवलं होतं. मी ते चौरसियांच्या पुस्तकाशी ताडून पाहिलं, बरोबर निघालं. पाणी आणणाऱ्या बाया डोक्यावर चुंबळ ठेवून खांद्याला वगळतात तेही हेच. मुंबईच्या गोद्यांतल्या, बाजारांतल्या माथाडींचं नावच माथ्यावरून पडलं.

पण कसब कितीही असलं तरी पोतं १०० किलोंचं होतं. १९६७ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने शिफारस केली की एका प्रौढ पुरुषाने ५५ किलोंहून जास्त ओझं हाताने वाहू नये. आबा दिवसभर त्याच्या जवळपास दुप्पट वाहत होते. १९६९ ला महाराष्ट्रात माथाडी, हमाल कायदा झाला, त्यामागे अण्णासाहेब पाटलांची मुंबईतली संघटना होती. मजूर, मालक आणि सरकार यांचं मंडळ, मजुरीची नोंद, भविष्यनिर्वाह निधी, दवाखाना. पुण्यात हमाल पंचायत उभी करणारे बाबा आढाव तर स्वतः डॉक्टर. पोतं ५० किलोंवर आणा ही मागणी हमालांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं लावून धरली. माझ्या मते पाठीच्या शरीरशास्त्राच्या इतिहासात हे व्हेसालिअसच्या शेजारी शिकवायला हवं. शिकवत नाहीत. पाठीवर काय ठेवलं जातं हा आमच्या विषयाचा भागच धरलेला नाही.

आबा गेले तेव्हा मोंढ्यातली बरीच माणसं आली होती. खांदा द्यायला रांग लागली होती. मी त्या वेळी दहावीत होते.

आता घरात निराळंच चाललंय. बाबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, देहदानाचा फॉर्म आणलाय. ते एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर. माझ्याकडून हे सगळं ऐकून ऐकून त्यांच्या डोक्यात बसलंय की बेवारसांवरच का शिकायचं, घरादाराच्या माणसांनीही जावं. फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाची सही लागते आणि माय सही करत नाही. "आबांना चाळीस माणसांनी नेलं. तुम्हाला कोण नेणार, कॉलेजची गाडी?" असं म्हणते. बाबा गप्प बसतात. मी दोघांच्या मध्ये. एकीकडे मला ठाऊक आहे की मुलांना शिकायला प्रेतं लागतात आणि ती कोणाची तरी असतात. दुसरीकडे टेबलवर पालथी पडलेली पाठ मी पाहिली आहे आणि त्या जागी बाबांची पाठ ठेवून बघायची माझी हिंमत होत नाही. डॉक्टर असून मायशी वाद घालायला माझ्याकडे शब्द नाहीत.

फॉर्म टीव्हीखालच्या कप्प्यात, लाइट बिलांच्या गठ्ठ्यात आहे. परवा मी नांदेडला गेले तेव्हा माय स्वयंपाकघरात होती. बाबा बनियनवर बसले होते, हळू आवाजात म्हणाले, "बाई, आबांसारखा घट्टा माझ्या पाठीला न्हाई. आयुष्यभर तिकिटंच फाडली. तसल्या पाठीचा तुमच्या पोरांना काही उपयोग हाय का?"

मी म्हणाले, "आहे."

ते म्हणाले, "मग मायला तू सांग."